चार बोटांची दुमड

हॉस्पिटल, मुलांचा वॉर्ड
७ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना ही पोरगी कागद कशाला काळे करते. त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही आपल्या मनाने शिवून टाकता. मागे मी रक्त तपासलं म्हणाले, तर तुम्ही शेजारीपाजारी सांगून आलात की भिंगरीचं रक्त बदललं. दुसरं कारण खुद्द तुमची नात. मी फोन घेऊन पार जिन्यात गेले तरी परत येईपर्यंत ही उशीवर कोपर टेकून बसलेली असते आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारते की आजोबा काय म्हणाले. लिहायला बसले की तिला वाटतं, आई शाळेच्या वह्या तपासतेय. मग ती माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

काल डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं की आता नवं औषध उरलेलं नाही. जी देतायत ती दुखू नये म्हणून. ह्यांनी विचारलं की किती दिवस. उत्तर काय आलं मला माहीत नाही, कारण तोवर मी उठून पाणी आणायला गेले होते. तहान कोणालाच लागली नव्हती. सध्या माझं असंच चाललंय बाबा. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते सुचत नाही. कॉरिडॉरमध्ये एका टोकाला पाण्याचा नळ आणि दुसऱ्या टोकाला खिडकी आहे, त्या दोन्हींना माझा कंटाळा आला असेल.

भिंगरीला यातलं काही माहीत नाही आणि कळता कामा नये. नऊ वर्षांची पोर, तिने काय म्हणून हे ओझं वाहायचं? उन्हाळ्यात घरी जायचं असं आम्ही तिला सांगितलंय. तुम्हाला हात जोडून सांगते, तिला लिहाल तेव्हा देवाबिवाचं काही लिहू नका. आई अंथरुणावर होती तेव्हा तुम्ही रोज त्याच्याशी बोलत होतात. त्याचा काय उपयोग झाला ते मी कधी विचारलं नाही, आजही विचारत नाही. पण तो या खोलीत नको.

आता कामाचं. तिला फ्रॉक हवाय, पिवळा. सोबत माप पाठवते. मी टेप लावायच्या आत तीच दुकानातल्यासारखी ओरडायची, छाती घ्या, कंबर घ्या, तोंड नका उघडू. मजा आली. उंची सोडून सगळे आकडे मागच्यापेक्षा कमी आहेत, तुम्ही दचकू नका आणि मनाने वाढवूही नका. कापड अगदी मऊ घ्या. तिच्या कातडीला आता काही सहन होत नाही. जाड शिवण लागते, खालची दुमड मांडीखाली आली की तिथे लाल होतं. तेवढं बघा.

हे सुट्टीच्या दिवशी येतात, बाकी वेळ कारखाना. तुम्ही वेळेवर जेवा. लोभ आहेच, तो तुमच्या रीतीने वाढत्या अंगाचा असू द्या.

तुमची,
ताई

*

दुकान
१२ फेब्रुवारी

चि. ताईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. वाचून दुकानाचं फळकूट लावलं, परत काढलं, मशीनवर बसलो आणि कापड न घालताच पाय मारत राहिलो. समोरचा चहावाला बघून गेला. म्हातारा वारा शिवतोय असं त्याला वाटलं असेल.

फ्रॉक सोबत पाठवतोय. रंग तिला आवडेल असा आहे, पिकल्या लिंबाचा. कापड तीनदा धुऊन मऊ केलं. शिवण सगळी आत झाकून घेतलीय, हात फिरवून बघ, कुठे धागासुद्धा लागायचा नाही. खाली दुमड ठेवलीच नाही, काठ नुसता बारीक वळवून टाकला. आपल्या दुकानातून आजवर एकाही मुलाचा कपडा चार बोटं दुमड ठेवल्याशिवाय बाहेर गेला नाही, हे तुला सांगायला नको. पोर वाढलं की आईबाप कपडा घेऊन यायचे, तुझी आई दुमड उसवायची आणि मी बोटभर सोडून परत शिवून द्यायचो. हा पहिलाच कपडा बिनदुमडीचा. पण तिला टोचू द्यायचं नव्हतं, आणि मलाही.

पोरीला कळू द्यायचं नाही म्हणतेस. आई तू आहेस, तू म्हणशील तसं. तरी एक म्हातारा म्हणून सांगतो, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ज्या पोरीला तुझ्या तोंडावरून माझा फोन वाचता येतो, तिला बाकीचं वाचता येत नसेल असं तुला खरंच वाटतं का? भीती सगळ्यात वाईट ती एकट्याने बाळगलेली. देवाचं नाव काढू नका म्हणतेस, नाही काढत. त्याच्याशी माझं बोलणं मात्र चालू आहे. सकाळी कात्री हातात घ्यायच्या आधी रोज तुझ्या पोरीचा विषय निघतो. ते काही तुला बंद करता यायचं नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. तू कॉरिडॉर झिजवू नकोस, थोडी बसत जा. लोभ वाढत्या अंगाचाच आहे, त्याची काळजी नको.

तुझे,
बाबा

*

हॉस्पिटल
१८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
नमस्कार.

फ्रॉक मिळाला. तिने बघितला. आता काय झालं ते वाचा.

पुडकं उघडल्यावर आधी ती हसली. अंगाला लावून बघितला, सिस्टरना दाखवला. मग तुम्ही तिला शिकवलंय ना, कपडा आधी उलटा करून बघायचा, तसा तिने तो उलटा केला. खांदे बघितले, काखा बघितल्या, अगदी तुमच्यासारखं तोंड करून मान हलवली. मग खालचा काठ हातात घेतला आणि बोटं फिरवत फिरवत पूर्ण घेर बघितला. परत एकदा बघितला. आणि मला विचारलं की दुमड कुठे आहे.

मी म्हणाले की कापड कमी पडलं असेल. त्यावर ती म्हणाली की आजोबांकडे कापड कधी कमी पडत नाही. मग फ्रॉकची नीट घडी घातली, पायाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. थोड्या वेळाने भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली की म्हणजे मी आता वाढणार नाही.

टोचतं असं मीच लिहिलं होतं, मला माहीत आहे. पण मी तेवढं बघा म्हणाले होते बाबा, काढून टाका म्हणाले नव्हते. दुसऱ्या कोणाच्या पोरीला काही कळलं नसतं. शिंप्याच्या नातीला तुम्ही असा कपडा पाठवलात. डॉक्टरांना जे सांगू दिलं नाही, ह्यांना सांगू दिलं नाही, ते तुमच्या एका काठाने सांगून टाकलं. मी इतकी चिडलेय की हे लिहिताना कागद फाटतोय. आणि चिडायला दुसरं कोणी सापडत नाही म्हणून तुमच्यावर चिडलेय, हेही मला कळतंय. तुम्ही ते मनावर घ्या किंवा घेऊ नका.

तेव्हापासून तिने मला काहीही विचारलेलं नाही. हेच मला सहन होत नाही. दिवसभर चुळबुळ. खाट खिडकीशी घ्या, खिडकीशी नको दाराशी घ्या. टोपी घाला, टोपी काढा. पाय एकसारखे हलत असतात. बोलते ती फक्त सिस्टरशी. काल कागद मागितला आणि तुम्हाला पत्र लिहिलं. मला वाचू दिलं नाही, पण पाकीट चिकटवायला तिच्याकडे ताकद नव्हती, तेव्हा ते मीच चिकटवलं. वाचलं मी. तुम्हीही वाचा.

ताई

*

आजोबांना,
नमस्कार.

फ्रॉक छान आहे. टोचत नाही. पण दुमड नाही.

आई म्हणते कापड कमी पडलं. ती खोटं बोलते तेव्हा ओठ पुसते. बाबा खोटं बोलतात तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधतात, पण त्यांच्या बुटाला नाडी नाही. म्हणून मी तुम्हाला विचारते. तुम्ही खरं लिहा. तुम्ही खोटं बोलताना फार गोड बोलता, ते मला कळतं.

मी मरणार आहे का? आईला विचारलं तर ती रडेल आणि मग मलाच तिची समजूत घालत बसावं लागेल.

आजी देवाकडे गेली असं तुम्ही म्हणाला होता. तिथे गप्प बसावं लागतं का? सिस्टर म्हणतात की मी एक मिनिट स्वस्थ राहत नाही. तुम्ही देवाला पाहिलंय का? नसेल पाहिलं तर तो आहे हे तुम्हाला कसं कळलं? आणि मला एकटीलाच जायचंय का? आईला येता येणार नाही, तिला शाळा आहे.

मला भीती वाटते. दुपारी जास्त वाटते, तेव्हा सगळे झोपलेले असतात.

कानावर येणारी टोपी पाठवा.

भिंगरी

*

दुकान
२२ फेब्रुवारी

चि. ताईस,
अ. उ. आ.

चूक माझी. टोचू नये म्हणून दुमड काढली हे खरं, पण तेवढंच खरं नाही. काठ दुमडून धरला आणि त्यात सोडायला ठेवलेलं कापड बघितलं, तेव्हा माझ्याने टाका घालवेना. म्हणून कात्री घेतली आणि ते कापून टाकलं. पोरगी आपल्या कपड्याची उलटी बाजू बघणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तीच सवय मी तिला लावली आणि मीच विसरलो.

आता तिने विचारलंय, आणि मला विचारलंय. मी तिला उत्तर लिहिलंय. त्यात तुला नको असलेलं सगळं आहे, देवसुद्धा. ते उघड्या पाकिटात तुझ्याच हातात देतोय. वाचून बघ. तिला द्यायचं की फाडून टाकायचं ते तू ठरव. फाडलंस तर मी कधी विचारणार नाही. फक्त एवढं बघ ताई, ती दुपारची एकटी घाबरते असं लिहिते, आणि दुपारी तू तिच्यापासून हातभर अंतरावर बसलेली असतेस.

टोपी सोबत आहे. लोभ होता तसाच आहे, तू पत्रात मागितला नाहीस तरी.

बाबा

*

चि. भिंगरीस,
खूप खूप आशीर्वाद.

तू खरं विचारलंस, मी खरं लिहितो. गोड लिहीत नाही, म्हणजे तुला संशय यायला नको.

हो. तुझं दुखणं बरं होणारं नाही असं डॉक्टर म्हणतात. तू मोठी व्हावीस म्हणून मी देवाकडे रोज हट्ट धरतो, आजही धरला. तो माझं ऐकतो, पण दर वेळी माझ्या मनासारखं करत नाही. का करत नाही ते मला कळलेलं नाही. यावर माझं त्याच्याशी भांडण आहे आणि ते मी मरेपर्यंत पुरेल. भांडतो, पण सोडत नाही. तू आणि तुझी आई नाही का भांडत.

त्याला मी पाहिलेलं नाही. पण तुला आठवतं का, तू दुकानाच्या मागच्या खोलीत बसून बटणं निवडायचीस. मध्येच तुला काय व्हायचं कोण जाणे, तिथूनच ओरडायचीस की आजोबा, आहात ना? मी हं म्हणायचो की तू परत बटणांत. बघायला कधी बाहेर यायची नाहीस. नुसतं हं तुला पुरायचं. माझंही देवाशी तसंच आहे. सकाळी दुकान उघडलं की मी विचारतो, आहेस ना? आणि मग दिवसभर मी दुकानात एकटा नसतो. आजी गेल्यावर सगळ्यांना वाटलं की हा म्हातारा आता खुळा होणार. झालो नाही तो एवढ्यामुळे.

तू विचारून बघ. हात जोडायला हवेत असं नाही, डोळे मिटायला हवेत असंही नाही. तुला ते जमणारही नाही. दुपारी भीती वाटली की विचार.

तिथे गप्प बसावं लागतं का ते मला माहीत नाही. पण तुला भिंगरी करून पाठवणारा तोच आहे. गप्प बसणारी पोर हवी असती तर त्याने तशी केली असती. आणि तुझी आजी तिथे आहे, ती दिवसभर बोलते. म्हणजे शांतता असण्याची शक्यता कमीच.

एकटीला जायचं का? आईला इथे थांबावं लागेल. पण आई इथे तुझ्याजवळ असेल आणि तिकडे तो असेलच. मधे कोणी नाही अशी जागा नाही, असा माझा विश्वास आहे. मी तो माझ्या आईकडून घेतला, तो फाटला नाही अजून. तुला देतो. माझ्याकडेही उरतोच.

आणि एक. हे सगळं आईशी बोल. ती रडेल. रडू दे. रडली म्हणजे मोडली असं नाही.

तुझे,
आजोबा

*

हॉस्पिटल
२७ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र दिलेलं नाही. फाडलंही नाही. पर्समध्ये आहे. पर्स मी कुठेही ठेवली की ती तिकडेच बघते असं मला वाटतं, म्हणून आज दिवसभर खांद्याला अडकवून फिरले. सिस्टरनी विचारलं की कुठे निघालात का.

तुम्ही सोपं लिहिलंत. तुम्ही तिथे, दुकानात. मला इथे तिच्या समोर बसून ते हो वाचायचंय. आणि पुढचं, ते देवाचं, ते मी कुठल्या तोंडाने वाचू? माझा विश्वास नाही बाबा. तुमच्याकडून घेतला नाही मी, तुम्ही दिलात तरी. उसन्या शब्दांनी पोरीची समजूत घालायची, हे फसवणं नाही का?

हे पत्र आत्ता टाकत नाही. जरा बाहेर जाऊन येते.

२ मार्च

दिलं.

झालं असं की काल दुपारी मी खुर्चीत डोळे मिटून बसले होते. झोप नव्हती. तिला वाटलं मी झोपले. डोळे किलकिले केले तर ती छताकडे बघत होती आणि दोन्ही हातांनी चादर घट्ट धरली होती, जत्रेतल्या पाळण्याचा दांडा धरावा तशी. तोंडातून आवाज नाही. रोज दुपारी ही हे करत असणार, आणि मी हातभर अंतरावर वह्या तपासत असणार. तुमचं ते वाक्य डोळ्यांसमोर आलं आणि तुमचा भयंकर राग आला.

मी पर्स उघडली. वाचून दाखवायला घेतलं, तर पहिल्या हो वरच माझा आवाज गेला. मग तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः वाचला. सावकाश, बोट फिरवत. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं होतं ती किंचाळेल. ती म्हणाली, मला माहीतच होतं. आणि मग मला विचारलं की आई, तुला भीती वाटते का. मी ओठ पुसायला हात उचलला आणि खाली घेतला. हो म्हणाले. खूप वाटते म्हणाले. मग आम्ही दोघी पोटभर रडलो. सिस्टर दारातून आत आल्या आणि तशाच परत गेल्या. रडून झाल्यावर तिने माझी समजूत घातली नाही, पाणी मागितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे काहीतरी मागितलं.

आता गंमत ऐका. आज दुपारी ही एकदम मोठ्याने ओरडली, आहेस ना? सिस्टर धावत आल्या, काय हवंय, कुठे दुखतंय. तर बाईसाहेबांनी सांगितलं की तुम्हाला नाही बोलावलं. मी विचारलं, काय गं, हं आलं का? ती म्हणाली, कधी कधी येतं. मी म्हणाले, आणि बाकीच्या वेळी? त्यावर ती मलाच समजावू लागली की आजोबा टाका घालत असले की लगेच बोलत नाहीत, त्यांच्या तोंडात दोरा असतो, पण मशीनचा आवाज येतो ना.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन परत रडले. पण या वेळी नळापर्यंत जाऊन परत आले, खिडकीपर्यंत गेले नाही.

पाय अजून हलतात तिचे. पण चादर धरत नाही.

आता ती नव्या हट्टाला पेटलीय. फ्रॉकला दुमड हवी. मी म्हणाले, अगं टोचेल. ती म्हणाली की टोचली तर टोचली, मी तिकडे वाढले तर? तोकडा फ्रॉक घालून फिरू का? मी म्हणाले, आजोबांना विचारते. तर विचारते बाबा. तिथे पोरं वाढतात का? तुमच्या त्याला विचारून कळवा.

लोभ असू द्या. मागच्या वेळी मागितला नाही त्याचाही धरून.

ताई

*

दुकान
६ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आ.

तिथे पोरं वाढतात का ते मला माहीत नाही. पण दुमड ठेवताना मी कोणत्या पोराची खात्री करून घेतली होती? वाढलंच तर कमी पडायला नको, म्हणून ठेवायची. पोराला कुठेही पाठवताना ते वाढणार असं धरूनच पाठवायचं, ही आपली रीत. मी ती एकदा मोडली, आता मोडणार नाही.

त्याच ताग्यातलं कापड निघालं. नवा घेर कापून पाठवतोय, जुना काढून फ्रॉकच्या कमरेखाली जोडायचा. लांब केलाय, पोटऱ्यांपर्यंत येईल, म्हणजे दुमड मांडीखाली यायची नाही. चार बोटं ठेवलीत, माझी चार बोटं, आणि कच्च्या टाक्याने धरलीत. कमरेची शिवण आणि खालची तुरपाई तू करायची. मी करणार नाही. हात थरथरतात म्हणून नव्हे, अजून सुई पहिल्या फटक्यात ओवतो. हे काम तिच्या शेजारी बसून करायचं आहे म्हणून. उभ्याने तुरपाई होत नाही, तेवढा वेळ तरी तू बसशील.

तू फसवणं म्हणालीस त्याचा विचार केला. तुझा विश्वास नसेल तर आहे म्हणू नकोस, पोरीला लगेच कळेल. तिचा आहे तेवढा असू दे. तू फक्त शेजारी बस. पुष्कळ आहे.

मी शनिवारी निघतोय. दुकानाची किल्ली चहावाल्याकडे.

तुझे,
बाबा

*

घर
९ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आलात, तिच्या शेवटच्या दिवसांत जवळ राहिलात, नंतरही राहिलात, आणि एवढ्या दिवसांत आपण दोघं बोललो ते चहात साखर आहे का आणि नळ कोणी चालू ठेवला यावर. समोरासमोर जमत नाही आपल्याला. तुमची गाडी सुटली आणि मला सगळं बोलावंसं वाटायला लागलं. म्हणून हे पत्र. दोन गोष्टी तुम्हाला माहीत नाहीत.

पहिली तुरपाईची. तुम्ही यायच्या आदल्या दुपारी मी ती केली. भिंगरी उशीला टेकून बसली होती आणि माझ्यावर देखरेख करत होती. इतक्या वर्षांनी सुई धरली तरी हात विसरला नव्हता. बारीक, घट्ट, वरून दिसू नयेत असे टाके. तुम्ही ज्याला दाखवले असते त्याला आवडले असते. आठ-दहा टाके झाल्यावर तिने हात लावून बघितले आणि उसवायला सांगितले. का, तर फार घट्ट आहेत. मी म्हणाले, अगं तुरपाई घट्टच हवी, आजोबा मला ओरडतील. तर ती म्हणाली की तिकडे दुमड उसवायची वेळ आली की ते आजीलाच करावं लागणार, आणि आजीचा चष्मा तर दुकानाच्या खणात पडलाय. तिला चष्म्याशिवाय दिसायला हवेत. सैल घाल.

मी उसवलं आणि सैल घातले. बाबा, तुमच्या पोरीने आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट तुरपाई केली. लांब लांब, वाकडे, आंधळ्याला सापडतील असे टाके. तेवढा वेळ आम्ही बोलत होतो. तिच्यामागे तिच्या बटणांच्या डब्याचं काय करायचं, टोपी कोणाला द्यायची, तिच्या बाबांना नाडीचे बूट घ्यायचे. मरणाबद्दल बोलणं म्हणजे काहीतरी भयंकर असेल असं मला वाटायचं. प्रवासाला निघायच्या आधी बोलतात तसंच होतं ते. मधेच ती थांबून आपली हाक मारायची, कान द्यायची आणि पुढे बोलायची. तिचे पाय हलत होते, पण गाणं ऐकताना हलतात तसे.

दुसरी गोष्ट शेवटच्या सकाळची. तुम्ही आणि हे चहा आणायला खाली गेला होतात. फ्रॉक अंगावर होता. डोळे मिटलेलेच होते. मी हात धरून बसले होते, बसलेच होते, उठले नव्हते. आणि ती म्हणाली, आहेस ना? फार बारीक आवाजात, पण अगदी मागच्या खोलीतून विचारायची तसं, उत्तर येणार हे माहीत असल्यासारखं. मला विचारलं की त्याला, ते मला कळलं नाही. मी हं म्हणाले. तिच्या तोंडावर जे हसू आलं ते तुम्ही वर आल्यावर पाहिलंत. नुसत्या माझ्या हं ने ते आलं असेल असं मला वाटत नाही. आम्ही दोघांनीही म्हटलं असावं.

माझा विश्वास बसला असं समजू नका. अजून चिडलेली आहे, तुमचं भांडण मी पुढे चालवीन, काळजी नसावी. पण काल शाळेतून आले, घरात कोणी नव्हतं. तिच्या खाटेवर बसले आणि मोठ्याने विचारलं, आहेस ना? कोणाला विचारलं ते याही वेळी मला कळलं नाही. उत्तर आलं नाही. बराच वेळ बसून राहिले. तोंडात दोरा असेल, असं धरून चाललेय.

खणातला चष्मा तिथेच असू द्या. लोभ वाढत्या अंगाचा ठेवा, मला अजून पुष्कळ लागणार आहे.

तुमची,
ताई